नागरिकशास्त्र ऑनलाइन शिकवायचंय? व्हिडिओ राहू द्या, गावाचं रेकॉर्ड उघडा

नागरिकशास्त्राचे धडे इतिहासाच्या पुस्तकात मागे असतात आणि वर्षभरात त्यांचा नंबरही मागेच लागतो. दहावीला तर इतिहास-राज्यशास्त्र मिळून पेपरच ४० मार्कांचा, त्यातला राज्यशास्त्राचा वाटा अजून लहान, त्यामुळे मुलं सरळ विचारतात की सर हे इम्पॉर्टंट आहे का. मग फेब्रुवारीत उरकाउरकी, स्मार्ट टीव्हीवर कुठलातरी यूट्यूब व्हिडिओ, त्यात मागे म्युझिक आणि कुणीतरी पुस्तकातलाच मजकूर वाचून दाखवतोय, आणि शेवटच्या बाकावरची दोघं डबा उघडून बसलेली. या विषयाला जीवच नाही असं मग आपणही म्हणायला लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की नागरिकशास्त्र शिकवायला सगळ्यात भारी साहित्य शिक्षणाच्या वेबसाइटवर नाहीच. ते ग्रामपंचायतीच्या, मंत्रालयाच्या, संसदेच्या साइटवर पडलंय, फुकट आहे, खरं आहे आणि त्यात आपल्या गावाचं नाव असतं. मुलांना व्हिडिओपेक्षा स्वतःच्या गावाचं नाव स्क्रीनवर दिसलं की जास्त जाग येते. तर ते कुठं मिळतं, कसं उघडायचं आणि वर्गात त्याचं करायचं काय, ते सांगतो.

आधी तयारी

एक स्मार्टफोन आणि एक पेनड्राइव्ह एवढ्यावर यातलं बरंच होतं. वर्गात लाइव्ह साइट उघडायच्या भानगडीत शक्यतो पडू नका, सरकारी साइट नेमकी तासालाच झोपते, वर रेंज नाही, लाइट नाही. आदल्या रात्री घरच्या वायफायवर पानं उघडायची, पीडीएफ असेल तर उतरवायची, नसेल तर स्क्रीनशॉट काढायचे, पेनड्राइव्हवर टाकायचे आणि सकाळी टीव्हीला लावायचे. टीव्हीच नसेल तर चार-पाच झेरॉक्स काढा, गटात वाटा, काम तेच होतं, उलट मुलं कागदावर पेन्सिलीने खुणा करतात ते बरं.

पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर सगळ्या माध्यमांची पीडीएफ स्वरूपात आहेत, ती ठेवाच. दीक्षा ॲपवर पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून मिळणारं साहित्य सरावासाठी वापरा. संकल्पना अडली तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, त्यातल्या नोंदी जड वाटतात पण शिक्षकाने स्वतःसाठी वाचायला उत्तम. आणि संविधानाची अधिकृत मराठी आवृत्ती एकदा उतरवून फोनमध्ये ठेवून द्या, गाइडमधला अनुच्छेद बरोबर आहे का हे बघायला ती लागतेच.

सातवी: उद्देशिका पाठ आहे, पुढे काय

परिपाठात रोज म्हणून म्हणून उद्देशिका मुलांची तोंडपाठ असते, अर्थाच्या नावाने मात्र बोंब. यावर एक सोपा खेळ आहे. संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत, म्हणजे प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिलेली आणि नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनच्या मंडळींनी सजवलेली, तिचे स्कॅन नेटवर मिळतात. त्यातलं इंग्रजी उद्देशिकेचं पान घ्या आणि शेजारी आजची इंग्रजी उद्देशिका ठेवा. मुलांना एवढंच सांगा की फरक शोधा. सातवीची पोरं चित्रातला फरक शोधायला जशी तुटून पडतात तशीच इथंही पडतात आणि थोड्या वेळात कुणीतरी ओरडतंच, सर इथं समाजवादी नाहीये, धर्मनिरपेक्ष पण नाहीये! एकात्मता हा शब्द सापडायला थोडा जास्त वेळ लागतो कारण तो खाली दडलेला असतो. मग सांगा की हे शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले, मूलभूत कर्तव्यं पण तेव्हाच आली, आधी दहा होती, अकरावं २००२ मध्ये ८६ व्या दुरुस्तीने जोडलं गेलं. इथून मुलं स्वतःच विचारतात की मग संविधान हवं तसं बदलता येतं का, आणि तिथं तुम्हाला अनुच्छेद ३६८ (घटनादुरुस्ती कशी करायची तो) आणि १९७३ चा केशवानंद भारती निकाल (संविधान बदलता येतं, पण त्याची मूळ चौकट नाही) आयता सांगता येतो. हाच भाग मी फळ्यावर लिहून शिकवला असता तर कुणी मान वर केली नसती.

संसदीय कामकाज मंत्रालयाची उद्देशिका ऑनलाइन वाचायची आणि संविधानावर क्विझ द्यायची साइट पण आहे, २६ नोव्हेंबरच्या आसपास तिच्या लिंक सगळ्या ग्रुपवर फिरतात. चालेल, करा. पण सर्टिफिकेट डाउनलोड करून ग्रुपवर टाकणं म्हणजे उपक्रम झाला असं समजू नका, हा नाद हल्ली फार वाढलाय.

सहावी: ग्रामपंचायत, आणि इथं जरा थांबा

सहावीच्या पुस्तकात ग्रामीण स्थानिक शासन संस्था हा पाठ आहे. सरपंच, ग्रामसेवक, ग्रामसभा, उत्पन्नाची साधनं, सगळं दिलंय, फक्त ते कुठल्यातरी काल्पनिक गावाचं वाटतं. यासाठी ई-ग्रामस्वराज नावाचं पंचायती राज मंत्रालयाचं पोर्टल आहे, २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेलं. (२४ एप्रिलच का, तर ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये त्याच दिवशी लागू झाली, हा प्रश्न मुलांना घालून बघा.) तिथं रिपोर्टमध्ये जायचं, प्लॅनिंगमध्ये मंजूर आराखड्याचा रिपोर्ट निवडायचा, मग वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं एकेक निवडत गेलं की आपल्या गावाच्या त्या वर्षीच्या कामांची यादी समोर येते. कामाचं नाव, ठिकाण, अंदाजे खर्च, कुठल्या योजनेतून पैसे. साइटचा बराचसा कारभार इंग्रजीत आहे आणि कामांची नावं कधी कधी मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली असतात, ती वाचताना वर्गात हशा पिकतो, पिकू द्या.

आता या यादीचं करायचं काय. मुलांना गटात यादी द्या आणि कामांचे दोन ढीग करायला सांगा, पाणी आणि स्वच्छतेची कामं एकीकडे, बाकीची दुसरीकडे. १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) शिफारशीने ग्रामपंचायतींना मिळालेल्या पैशात ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च करायचा, उरलेला ४० टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणे, मात्र पगार आणि ऑफिसखर्च सोडून; म्हणून यादी त्या वर्षांतली घ्या. मुलांनी केलेले ढीग याच्या जवळ येतात का बघा, बेरीज-टक्केवारीचं गणितही होऊन जातं आणि गणिताचे सर खुश. त्यानंतर खरा प्रश्न, हे कुणी ठरवलं? उत्तर ग्रामसभा. मग घरी जाऊन विचारून या की आईबाबा शेवटचे कधी ग्रामसभेला गेले होते. आईला विचारायला मुद्दाम सांगा, कारण महाराष्ट्रात महिलांची वेगळी ग्रामसभा आधी घ्यायची तरतूद आहे आणि ती कागदावर होते की खरी होते हे पोरांच्या आयांना बरोबर माहीत असतं.

पुढची पायरी जरा जपून. यादीतलं एखादं काम, समजा शाळेजवळची गटार किंवा अंगणवाडीची पाण्याची टाकी, मुलांना प्रत्यक्ष दाखवून आणायला हरकत नाही, पण त्याआधी सरपंचांना आणि ग्रामसेवकांना भेटा, हो, आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. सरळ म्हणा, सरपंचताई, मुलं तुमच्या कामाचा अभ्यास करतायत, तुम्ही येऊन दहा मिनिटं बोला. न सांगता गेलात तर संध्याकाळपर्यंत गावात बातमी की मास्तर चौकशी करतोय, आणि मग उपक्रम बाजूला राहतो. मुलांनाही आधीच बजावून ठेवा की पोर्टलवर नोंद आहे म्हणजे काम झालंच असं नाही, आणि नोंद दिसत नाही म्हणजे कुणी पैसे खाल्ले असंही नाही. आराखडा वेगळा, मंजुरी वेगळी, बिल निघणं वेगळं. एवढा एक फरक सहावीच्या पोराला कळला तरी पाठ वसूल.

शेवटी मुलांनी ग्रामपंचायतीला एक पत्र लिहायचं, औपचारिक पत्रलेखन मराठीला लागतंच, मराठीच्या मॅडमना सोबत घ्या. खरं पत्र, खरा पत्ता, आवक नोंदीचा शिक्का घेऊन यायचा. तो शिक्का मुलांना कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा भारी वाटतो.

शहरातल्या शाळांना हे पोर्टल कामाचं नाही. तिथं महापालिकेच्या साइटवर अर्थसंकल्पाची पीडीएफ असते, ती भलीमोठी असते म्हणून त्यातली फक्त आपल्या वॉर्डची किंवा शिक्षणाची पानं काढा. मुंबईत असाल तर प्रजा फाउंडेशन या संस्थेचे नगरसेवक-आमदारांच्या कामाचे अहवाल मिळतात. नगरसेवक कोण हे विचारलं की जुन्या बॅचची मुलं गप्प बसायची आणि त्यात त्यांची चूक नव्हती, मुंबईत मार्च २०२२ पासून कितीतरी काळ प्रशासकच कारभार बघत होते. निवडून आलेली सभा नसते तेव्हा बजेट कोण मंजूर करतं, हाच तासाचा प्रश्न करा.

जीआर वाचायला शिकवा

माझा सगळ्यात आवडता भाग हा. शासन निर्णयांची, म्हणजे जीआरची, राज्य सरकारची वेगळी साइट आहे, विभाग निवडून, तारीख टाकून किंवा शब्द टाकून जीआर शोधता येतात, आणि मुख्य म्हणजे ते मराठीत असतात. भाषा अशी की आपल्यालाही दोनदा वाचावं लागतं, पण विषय मुलांच्या रोजच्या जगण्यातला घेतला की वाचतात. आणि मुलांच्या रोजच्या जगण्यातला सरकारी विषय कुठला, तर खिचडी. शालेय शिक्षण विभाग निवडा, पोषण आहार असा शोध घ्या, एखादा पाककृतीचा किंवा प्रमाणाचा जीआर काढा आणि आठवीच्या वर्गात वाटा.

पहिल्यांदा फक्त रचना बघायची. वर विषय, मग विभागाचं नाव, तारीख, खाली संदर्भ म्हणून आधीचे जीआर, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय आणि शेवटी, महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने, आणि खाली सही मात्र कुठल्यातरी उपसचिवांची किंवा कक्ष अधिकाऱ्याची. इथं पोरं अडतात. सर, राज्यपालांनी खिचडीवर सही केली का? नाही केली. अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, निर्णय मंत्रिमंडळ किंवा मंत्री घेतात आणि कागद अधिकारी काढतात. आठवीच्या पुस्तकात राज्यशासन आणि नोकरशाही असे दोन वेगळे पाठ आहेत, ते दोन्ही या एका ओळीत भेटतात.

मग प्रमाण. केंद्राच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीला दर मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, डाळ २० आणि ३० ग्रॅम, भाजी ५० आणि ७५ ग्रॅम. ४५० आणि ७०० उष्मांक. हे आकडे फळ्यावर लिहा आणि वर्गाच्या पटाने गुणा. आज हजर एवढे, म्हणजे तांदूळ किती शिजायला हवा? मग स्वयंपाकाच्या मावशींना बोलवा, त्या हाताच्या अंदाजाने जे सांगतात ते बहुतेक वेळा गुणाकाराच्या जवळपास येतं आणि मुलं थक्क होतात. त्यातून वर चढत जायचं, ताटातला भात, त्याच्या मागे जीआर, जीआरच्या मागे केंद्राची योजना, योजनेच्या मागे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा, कायद्याच्या मागे संविधानातला जगण्याचा हक्क. हक्क म्हणजे काय हे मग वेगळं सांगावं लागत नाही. मुख्याध्यापकांना आधी विश्वासात घ्या मात्र, नाहीतर त्यांना वाटेल तुम्ही मुलांना तराजू देऊन किचनमध्ये पाठवताय.

याच साइटचा अजून एक फायदा. पावसाळ्यात दरवर्षी व्हॉट्सॲपवर सुट्टीची खोटी पत्रकं फिरतात, कधी कधी तर खोटे जीआर. खऱ्या जीआरच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो, तो साइटवर टाकून बघायचा, सापडला तर खरा. जिल्हाधिकाऱ्यांच्या सुट्टीच्या आदेशाला हे लागू नाही, तिथं जिल्ह्याची अधिकृत साइट किंवा खातं बघायचं. केंद्र सरकारबद्दलची अफवा असेल तर पीआयबीचं, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक आहे. मुलांना एवढी सवय लावा की फॉरवर्ड करण्याआधी साइटचा पत्ता बघायचा, शेवटी डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन आहे का. घरच्या ग्रुपवर काकांना अडवणारी मुलं यातूनच तयार होतात, आणि त्यावरून घरी थोडी भांडणंही होतात ते सोडा.

संसद

आठवीला संसद. सगळ्यात आधी जुन्या नोट्स तपासा, कितीतरी ठिकाणी अजून लोकसभा ५४५ लिहिलेलं सापडतं. अँग्लो-इंडियन समाजाच्या दोन नेमणुका जानेवारी २०२० पासून बंद झाल्या, १०४ वी घटनादुरुस्ती, आता ५४३.

संसदेच्या अधिकृत साइटवर प्रत्येक खासदाराने विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांनी दिलेली उत्तरं असतात. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न, ज्यांची उत्तरं तोंडी, आणि २३० पर्यंत अतारांकित, ज्यांची लेखी. आपल्या खासदारांचं नाव शोधा, आपल्या भागाशी जवळचा एक प्रश्न निवडा, कांदा असेल, कापूस असेल, रेल्वे असेल. उत्तराची हिंदी पीडीएफही असते, ती घ्या, इंग्रजीपेक्षा आपल्या मुलांना ती पटकन कळते. मुलांना विचारा, जे विचारलं त्याचंच उत्तर मिळालंय का? आठवीची मुलं यात भलतीच कडक परीक्षक निघतात.

पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या साइटवर खासदारांची हजेरी, प्रश्न, चर्चा यांचे आकडे आहेत. आकडा दाखवताना एक सांगायचं राहू देऊ नका, मंत्री हजेरीवर सही करत नाहीत, त्यामुळे तुमचे खासदार मंत्री असतील तर त्यांची हजेरी दिसणारच नाही, आणि ते दांडी मारतात असा अर्थ नाही. विधिमंडळाच्या साइटवरही साहित्य आहे पण शोधायला चिकाटी लागते.

नववी-दहावीला संविधान सभेतल्या चर्चा वाचून घ्या, त्या कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया डॉट नेटवर दिवसवार आहेत, शब्द टाकून शोधता येतात. एक जोडी सुचवतो. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी मसुदा मांडताना खेड्यांवर घणाघाती टीका केली, खेडं म्हणजे अज्ञानाचं आणि संकुचितपणाचं घर अशा अर्थाची. त्यावर सभेत बरीच नाराजी झाली आणि २२ नोव्हेंबरला के. संतानम यांनी ग्रामपंचायतींची दुरुस्ती मांडली, ती बाबासाहेबांनी स्वीकारली, तोच आजचा अनुच्छेद ४०. दोन्ही दिवसांचे निवडक उतारे मराठीत करून द्या आणि गावातल्याच पोरांना दोन बाजू घ्यायला सांगा. आमच्याकडे खेड्याच्या विरोधात बोलायला मुली पुढे येतात, आणि त्यांच्याकडे उदाहरणांची कमतरता नसते.

निवडणूक

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक तर आपण सगळेच घेतो, प्ले स्टोअरवर व्होटिंग मशीनची ॲप आहेत, त्यात उमेदवारांची नावं आणि चिन्हं टाकली की बटण दाबल्यावर बीपसुद्धा वाजतो. पण निवडणूक म्हणजे बीप नाही. नामनिर्देशन, छाननी, माघार, चिन्हवाटप, प्रचार आणि तो संपवायची वेळ, सगळं तारखा लावून करा. यासाठी वेगळं ट्रेनिंग नको, इलेक्शन ड्यूटी केलेला प्रत्येक शिक्षक केंद्राध्यक्ष म्हणून तयारच आहे. मतदान अधिकारी एक, दोन, तीन मुलांमधूनच नेमा, एक यादीत नाव पुकारेल, दुसरा डाव्या तर्जनीला मार्करची खूण करेल, तिसरा मशीन सोडेल. खोक्याचा आडोसा करा, गुप्त मतदान म्हणजे गुप्तच, सरांनीही डोकावायचं नाही. नोटा, म्हणजे वरीलपैकी कुणीही नाही हे बटण, ठेवा, ती सोय २०१३ पासून खऱ्या निवडणुकीतही आहे. चिन्हं खडू, डबा, छत्री अशी, खऱ्या पक्षांची अजिबात नकोत. आणि निवडून आलेल्या मंत्र्याला खरं काहीतरी काम द्या, खेळाच्या साहित्याच्या खोलीची चावी द्या, नाहीतर पुढच्या वर्षी उमेदवारच मिळणार नाहीत.

निवडणूक आयोगाच्या स्वीप, म्हणजे मतदार जागृतीच्या, साइटवर मतदार साक्षरता मंडळाची नववी ते बारावीसाठी खेळ-उपक्रमांची पुस्तकं आहेत, २५ जानेवारीच्या राष्ट्रीय मतदार दिनाला ती उपयोगी पडतात. उमेदवारांची शपथपत्रं आयोगाच्या साइटवर असतात आणि त्यातली माहिती एडीआर या निवडणूक सुधारणांवर काम करणाऱ्या संस्थेच्या मायनेता साइटवर सोपी करून दिलेली असते. दहावीला ती दाखवायची असतील तर आचारसंहितेच्या काळात नको, एकाच पक्षाच्या उमेदवाराचं तर कधीच नको, आणि घरचे पत्ते असलेली पानं स्क्रीनवर नकोत. नावं झाकून तीन-चार शपथपत्रं शेजारी ठेवा, शिक्षण, मालमत्ता, गुन्हे हे रकाने मुलांना भरू द्या. मतदार यादीही वर्गात उघडू नका, त्यात गावातल्या सगळ्यांची वयं आणि घरं असतात.

मुलांचं कुठलंही रजिस्ट्रेशन, क्विझ असो की राष्ट्रीय युवा संसदेचं पोर्टल, शाळेच्या ईमेलवरून शिक्षकाने करायचं, मुलांचे आणि पालकांचे मोबाइल नंबर जिथं तिथं भरायचे नाहीत. फोटो ग्रुपवर टाकायचाच असेल तर फळ्याचा किंवा मुलांच्या वहीच्या पानाचा टाका, चेहऱ्यांचा नको. आणि स्क्रीनशॉटवर कोपऱ्यात तारीख लिहून ठेवा, या साइट्स दर दोन वर्षांनी नवीन होतात आणि जुनं पान कुठं गेलं ते कुणालाच सापडत नाही.